युक्ती आणि काठी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भुरट्या चोरांना गावकरी कसे चकवतात, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. गावाकडच्या हुशारीचे कौतुक करण्याच्या नादात मी लोकांना कायदा हातात घ्यायला शिकवतो आहे, चोरीमागची गरिबी माझ्या नजरेतून सुटली आहे, आणि चोरी झाली की पोलीस ठाण्यात जावे, बाकीचे उद्योग करू नयेत, असे आपले म्हणणे आहे. त्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

भुईमुगाच्या पोत्यांना खाजकुयलीची लव लावून ठेवणाऱ्या शेतकऱ्याची हकिकत मी लेखात रंगवून सांगितली होती. ती सांगायला नको होती. ती लव डोळ्यांत गेली तर इजा होते, आणि चोराच्या आधी घरातल्या लेकराचाच हात त्या पोत्याला लागू शकतो. त्याच परिच्छेदात कुंपणात वीज सोडणाऱ्यांचा उल्लेख मी निषेधाचा एक शब्दही न लिहिता केला होता, ही त्याहून मोठी चूक. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला निघालेला शेजारी, वैरणीला गेलेली बाई, दाव्यातून सुटलेली म्हैस, यांपैकी कोणीही त्या तारेवर जीव गमावू शकते. तो परिच्छेद मी आज काढून टाकला आहे.

उरलेल्या लेखाच्या बाजूने मात्र मी उभा आहे. ज्या घराला युक्ती सुचते त्या घराला काठी उचलावी लागत नाही, हे मी माझ्या आत्तीबरोबर राहून पाहिले आहे. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी तिच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या अंगणात, शेणींचा (गोवऱ्यांचा) हुडवा, म्हणजे रचलेला ढीग, असे. दिवाळीनंतर थापायला घेतलेल्या शेणी पावसाळाभर पुरवायच्या असतात, आणि हुडव्याच्या मागच्या अंगाने रोज चार-पाच शेणी कमी होत गेल्या तर ते पटकन ध्यानातही येत नाही. आत्तीच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी मोडून वाकडीच जुळली होती, त्यामुळे तिने थापलेल्या प्रत्येक शेणीवर चार बोटे सरळ आणि पाचवे आत वळलेले उमटत असे. माघात एके दिवशी ती मला घेऊन शेजारणीकडे ताक मागायला गेली, तिच्या हुडव्यातली एक शेणी उचलली आणि त्या खाचांवर आपला हात ठेवला. बोटे जिथल्या तिथे बसली. आत्ती एवढेच म्हणाली, "आगं, माझ्या शेणी चुकून हिकडं आल्यात बघ. ऱ्हाऊ देत. होळीला मसणवटीत शेणी द्यायच्या असत्यात, तवा माझ्या वाटच्या तूच दे." कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमीत महापालिकेतर्फे अंत्यसंस्कार विनामूल्य होतात आणि त्यासाठी होळीला अनेक जण शेणी दान करतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. शेजारणीने त्या होळीला शेणी दिल्या, आणि पुढे आत्तीच्या हुडव्यातली एकही शेणी हलली नाही. त्या घरची म्हैस आटली होती आणि सरपण विकत घेण्याची ऐपत नव्हती, हे आत्तीला माहीत होते. गरिबी तिच्या नजरेतून सुटली नव्हती, आणि म्हणूनच तिने चारचौघांत वाच्यता केली नाही.

आता पोलीस ठाण्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार, चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. आणि अशी चोरी अदखलपात्र गुन्ह्यात मोडते, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. मोठी चोरी झाली तर तक्रार केलीच पाहिजे, यात दुमत नाही. पण दहा नारळ, दोन कोंबड्या किंवा तुकडाभर केबल यांसाठी केवळ तक्रारीवर विसंबून राहा, असे मी शेतकऱ्याला सांगू शकत नाही.

भोगावती आणि पंचगंगेच्या काठावरच्या, शेताला पाणी उपसणाऱ्या मोटारींचेच पाहा. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, त्यामुळे केबल कोणत्या वेळी निर्जीव असते हे शेतकऱ्याइतकेच चोरालाही माहीत असते. तो ती तोडतो, आतले तांबे काढतो आणि भंगारात घालतो. यावर काहींनी सरळ अॅल्युमिनियमची केबल टाकली, कारण तिला भंगारात तांब्याचा भाव नाही. काहींनी मोटारीच्या बॉडीवर गट नंबर कोरून घेतला. मला सर्वांत आवडलेली जोडणी अशी की, केबलसोबत एक बारीक तार न्यायची आणि ती बारा व्होल्टच्या बॅटरीला व रिलेला, म्हणजे विजेवर आपोआप चालू-बंद होणाऱ्या कळीला, जोडायची; तारेतून थोडासा प्रवाह वाहत असतो तोवर रिले भोंगा बंद ठेवतो, आणि केबलबरोबर ती तार तुटली की भोंगा वाजू लागतो. बारा व्होल्टने कोणाला धक्का बसत नाही. चोर पळतो, केबल जागेवर राहते, मार कोणालाच बसत नाही.

चोर म्हणून संशय आधी भटक्या-विमुक्तांवरच येतो, हा मुद्दा आपण काढलात, तो मला फार जवळचा आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा संशयाची मुळे जुनी आहेत. रात्रीची राखण आणि चोराचा माग काढणे हे काम गावांनी पिढ्यान्‌पिढ्या रामोशी समाजाच्या लोकांवर सोपवले होते. पाऊलखुण पुसू नये म्हणून तिच्यावर टोपली पालथी घालून ठेवायची आणि ज्या गावाच्या शिवेत माग थांबेल त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा किंवा भरपाई करायची, अशी रीत होती. इंग्रजांनी मात्र १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात चोर ठरवल्या, आणि तो कायदा १९५२ पर्यंत टिकला. कोल्हापूर संस्थानात अशा जमातींच्या लोकांना रोज सरकारी हजेरी द्यावी लागे, ती सक्ती शाहू महाराजांनी १९१८ मध्येच बंद केली होती. हुडव्यातल्या शेणीवरचा ठसा पाहिला की माल कोणाचा हे कळते, आणि माणसाची जात विचारावी लागत नाही. जमावाला असा पुरावा कधी लागतच नाही.

युक्त्या जाहीर केल्याने चोर सावध होतील, ही आपली शेवटची शंका. केबलला भोंगा जोडलेला आहे हे त्याला आधीच कळले, तर तो त्या वाटेला फिरकणार नाही, आणि शेतकऱ्याला तेवढेच हवे असते.

काढून टाकलेल्या परिच्छेदाच्या जागी आत्तीच्या शेणींची हकिकत घातली आहे. आपण सवडीने पुन्हा वाचावे आणि आणखी काही खटकले तर जरूर कळवावे.