उधारी लाल करा, निवांत बसा

हापूसच्या पेट्या उधारीवर गेल्यात आणि पैसे मागायला जीभ रेटत नाही? मग एक्सेलमधलं कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अट लागू झाली की सेल (चौकट) आपोआप रंगवणं, शिकून घ्या. देवगडात आमच्या वाडीवर मी दोन मोसम हेच करतोय. वसुली काही झाली नाही, पण शीट अशी रंगलीय की शिमगा झक मारतो.

चार कॉलम पुरे: नाव, पेट्या, येणं, पेटी नेल्याची तारीख. पैसे आले की रांग उडवायची. ती वेळ फारशी येत नाही. एक्सेलचे तयार रूल घेऊ नका, त्यात चुकायला वावच नसतो. फॉर्म्युला लिहा: आजच्या तारखेतून डी२, म्हणजे चौथ्या कॉलमातली दुसऱ्या रांगेची तारीख, वजा, ३० पेक्षा जास्त आलं की लाल. आता कोणी शहाणा सांगेल, डीच्या आधी डॉलरचं चिन्ह लाव, म्हणजे रांगेतला प्रत्येक सेल तारखेच्याच कॉलमकडे बघेल. अजिबात लावू नका. मग नावाचा सेल तारीख बघतो, पेट्यांचा सेल पलीकडच्या रिकाम्या कॉलमात डोकावतो आणि लाल होतो. कारण रिकामा सेल म्हणजे शून्य, आणि एक्सेलच्या तारखा १९०० पासून मोजल्या जातात. खालच्या रिकाम्या रांगा तर नावापासूनच लाल. म्हणजे जो गडी अजून पेटी न्यायला आलाच नाही, त्याची उधारी सव्वाशे वर्षं थकलेली! सेल रिकामा नसेल तरच रंगव, अशी अट घालता येते म्हणे. पण मग पान ओकंबोकं दिसतं.

रूल कुठून कुठपर्यंत लावायचा, याची फिकीर नको. फॉर्म्युला निवडलेल्या पहिल्या सेलसाठी असतो, बाकीचे त्याच्या मागून सरकतात. मी पहिल्या रांगेपासून निवडलं आणि लिहिलं डी२. प्रत्येकाचं पाप वरच्याच्या माथी! त्याच दिवशी शीटचा फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला. आबांनी परवाच पेटी नेलेली, पैसे घेऊन येतच होते. अंगणातूनच ओरडले, "माझ्या नावार लाल कित्याक रे?" त्यांच्या खालचा गडी दोन महिने तोंड चुकवत होता. तो त्याच संध्याकाळी आपणहून घरी आला, चहा प्यायला आणि फोन दाखवून म्हणाला, "बघ, माझो हिशोब कसो कोरो!" आबा नारळी पौर्णिमेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

येणं ५००० च्या वर गेलं की केशरी, असा दुसरा रूलही ठेवा. त्या कॉलमात एकाच्या नावापुढे मी रकमेऐवजी त्याचं उत्तर लिहिलं होतं, "गणपतीक दितंय". तो सेल केशरी. एक्सेलच्या लेखी कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा! अमेरिकेतल्या साहेबाच्या यंत्राला आमचं गिऱ्हाईक इतकं कळावं?

लाल नावं किती, हे मात्र बोट ठेवून मोजा. मोजणी करणाऱ्या काउंटइफ फॉर्म्युल्याला रंग दिसत नाही.

शेवटी प्रिंट काढा. आमच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत शाई नाही. लाल, केशरी सगळं करडं आलं. त्याच्या गल्ल्याशेजारी पाठकोऱ्या कागदांची वही असते, दोरीला पेन्सिल बांधलेली. त्यानं एक पान उलटलं आणि मागचे साठ रुपये जागेवर वसूल केले.