फोटो शिखरावरचा नाहीये

परवाच्या फोटोखाली एवढी अभिनंदनं आलीत की आता खरं सांगायची लाज वाटायला लागली आहे. तरी सांगते. तो फोटो शिखरावरचा नाही. आमच्या डोक्यांच्या वर उजवीकडे जो काळपट त्रिकोण दिसतोय ना, ते शिखर. आम्ही त्याच्या 230 मीटर खाली एका कातळाच्या आडोशाला बसलोय. सहा जण, त्यातला एक स्लीपिंग बॅगेत गळ्यापर्यंत गुंडाळलेला, आणि सगळे दात काढून हसतोय. मी फोटोवर काहीच लिहिलं नव्हतं, त्यामुळे अर्धी चूक माझी. पण "जिद्द असावी तर अशी" हे वाचलं आणि राहवेना, म्हणून ही लांबड. वाचायचा कंटाळा असेल त्यांनी फोटो लाइक करून पुढे जावं, फोटो तसा छानच आलाय.

डोंगराचं नाव विचारू नका. नाव सांगितलं की गप्पा डोंगरावर जातात, आणि मला माणसांबद्दल बोलायचंय.

बेत साधा होता. पायथ्यापासून माथा 9 किलोमीटर, चढाई 1100 मीटर. रात्री 11 ला निघायचं, वर सूर्योदय बघायचा, खाऊन-पिऊन उतरायचं. वेळेचा हिशोब आमच्यातल्या नकाशावाल्याने मांडला. 1892 मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला होता: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला वर आणखी एक तास. आमचे आकडे त्यात घातले की येतात 3 तास 40 मिनिटं. म्हणजे पावणेतीनला आम्ही माथ्यावर! मग उजाडेपर्यंत तीन तास थंडीत करायचं काय, ही आमची सगळ्यात मोठी काळजी. पत्त्यांचा कॅट घेतला होता आम्ही सोबत. हसू नका.

नेस्मिथची यात काही चूक नाही. त्याचा हिशोब धडधाकट माणसाचा, बऱ्या वाटेवरचा आणि न थांबता चालण्याचा आहे. त्यात अंधार नाही, पाठीवर दहा किलोंची सॅक नाही, बुटाची नाडी सुटणं नाही. आणि सहा जण असले की नाडी सहा वेळा सुटते, हे तर नाहीच.

अंधाराचं जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला जवळजवळ अर्धा तास लागतो, आणि कोणी मागे वळून तोंडावर हेडलॅम्प मारला की सगळा सराव पाण्यात. शिवाय एक गोष्ट मला त्या रात्री ठेचा खाऊन कळली. हेडलॅम्प कपाळावर असतो, म्हणजे दिवा आणि डोळा जवळपास एकाच जागी. त्यामुळे दगडाची सावली दगडामागेच लपते आणि वाट सपाट दिसते, भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखी. मी दोनदा ठेचकाळले. तिसऱ्यांदा वैतागून दिवा डोक्यावरून काढला आणि हातात कमरेजवळ धरला, तर एकदम प्रत्येक खड्याला सावली फुटली. खोलगट कुठे, उंचवटा कुठे, सुटा दगड कुठला, सगळं दिसायला लागलं. धुक्यात तर कपाळावरच्या दिव्याने समोर पांढरी भिंतच उभी राहते. खाली धरला की निदान आपली पावलं तरी दिसतात.

तर, एकमेकांच्या तोंडावर उजेड मारायचा नाही हा नियम आम्ही अगदी शिस्तीत पाळला. आणि तिथेच फसलो.

दिवसा चालताना आपण नकळत एकमेकांचे चेहरे वाचत असतो. कोणाचे ओठ सुकलेत, कोण पांढरा पडलाय, कोण हसायचं म्हणून हसतोय. रात्री पुढच्याच्या टाचा दिसतात आणि मागच्याचा श्वास ऐकू येतो, बस. माणूस म्हणजे नुसता आवाज उरतो. आणि आवाजाला खोटं बोलणं फार सोपं जातं. "ठीक आहेस ना रे?" "एकदम!" हे त्या रात्री किती वेळा झालं त्याची गणतीच नाही. मीही म्हणाले. माझ्या डाव्या टाचेवर तेव्हा रुपयाएवढा फोड आला होता.

एकच्या सुमाराला पठार लागलं आणि पाठोपाठ धुकं उतरलं. फोनमध्ये नकाशा उतरवून घेतलेला होता. पण पठार सरळ तर आहे, बॅटरी कशाला जाळा, असं नकाशावाल्याचं म्हणणं पडलं. पस्तीस एक मिनिटं चाललो असू आणि चिखलात बुटांचे ताजे ठसे दिसले. चला, आपल्या पुढेही कोणी आहे म्हणून आम्ही खूश. तेवढ्यात काकाने (वय 41, आमच्यात सगळ्यात थोराड म्हणून काका) वाकून एका ठशावर स्वतःचा बूट ठेवला. चपखल बसला.

कोणी काही बोललं नाही. चकवा लागणं ज्याला म्हणतात ते हेच. त्याला भूतखेत लागत नाही. 2009 मध्ये यान साउमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा मार्ग उपग्रहाच्या मदतीने नोंदवला होता. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी जंगलात गोल गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र मावळल्यावर वळत वळत आला त्याच दिशेला निघाला. मला यातला "पत्ताही नव्हता" हा भाग महत्त्वाचा वाटतो. चुकतोय हे आतून कळत नाही. बाहेरून काहीतरी दिसावं लागतं. चंद्र दिसला तर चंद्र, नाहीतर आपल्याच बुटाचा ठसा.

माणसाच्या शरीराचंही नेमकं तेच आहे, हे कळायला आम्हाला आणखी दोन तास लागले.

साडेतीनला आम्ही माथ्याच्या सोंडेवर होतो. धुकं खाली राहिलं आणि वारा सुरू झाला. हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यात घामाने भिजलेला टी-शर्ट धरत नाही आपण. ओला कपडा अंगातली उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतो, कारण पाणी उष्णता वाहून नेण्यात हवेपेक्षा सुमारे 25 पट पटाईत आहे. शिवाय पहाटे शरीराचं स्वतःचं तापमानही दिवसभरातल्या तळाला असतं. हे सगळं मी आता शहाण्यासारखं लिहितेय. तेव्हा आम्ही एवढंच म्हणत होतो, "काय मस्त वारा सुटलाय!"

आमच्यात एक बोलघेवडा आहे. नाव घेत नाही, तो स्वतःच येऊन कबूल करेल. पहिले दोन तास त्याने सलग विनोद सांगितले. मग एक लांबलचक किस्सा सुरू केला आणि मधेच सोडून दिला. आम्हाला वाटलं दम लागला असेल. नंतर तो कुरकुरायला लागला, ही कल्पना कोणाची होती वगैरे. आम्ही त्याची खेचली. मग दोनदा अडखळला. पुन्हा खेचली. जिभेवरचे शब्द जरा जड झाले होते, पण वाऱ्यात कोण कान देऊन ऐकतंय?

पाणी प्यायला थांबलो. तो सॅकचं छातीवरचं बकल काढत होता. दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी दाबायचं की सुटतं, तेच. तो दाबत होता, पण बोटं बकलवर नव्हती, वरच्या पट्ट्यावर होती. पाच-सहा वेळा दाबलं. मग दोन्ही हात खाली सोडले आणि अगदी शांतपणे म्हणाला, "राहू दे. तहान नाहीये."

तेव्हा मी रात्रीत पहिल्यांदा नियम मोडून त्याच्या तोंडावर उजेड टाकला. तो डोळेसुद्धा मिटत नव्हता नीट.

अंगातली उष्णता उतरायला लागली की माणूस अडखळतो, बोबडं बोलतो, हातातल्या वस्तू सुटायला लागतात, चिडचिड करतो. चारही खुणा त्याने आम्हाला तासाभरात दाखवल्या होत्या आणि त्यातल्या दोन खुणांवर आम्ही हसलो होतो. तो थरथरत होता हे नशीबच. थरथर म्हणजे शरीर अजून झगडतंय. ती आपोआप थांबली आणि माणूस मात्र गारच आहे, तर प्रकरण हाताबाहेर जातंय असं समजायचं.

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही, पण सांगण्यासारखं त्यात फार काही नाही. आडोसा शोधला, ओलं काढून कोरडं घातलं, खाली मॅट आणि दोन रिकाम्या सॅका, वर स्लीपिंग बॅग. गिळता येतंय याची खात्री केली आणि थर्मासमधल्या गरम पाण्यात मूठभर साखर ढवळून घोट घोट पाजलं. एकाने ओशाळत कबूल केलं की त्याच्याकडे "थोडी" आहे, देऊ का? काका त्याच्यावर असा काही ओरडला! दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, अंग गरम झाल्यासारखं वाटतं आणि आतली उरलीसुरली ऊब बाहेर निघून जाते.

मग काका म्हणाला, "इथेच थांबायचं. उजाडलं की खाली."

आणि नकाशावाला म्हणाला, "अरे, 230 मीटरच राहिलेत. दोघं थांबा याच्याजवळ, आम्ही तिघं पटकन जाऊन येतो."

तुम्हाला वाटेल मी त्याच्यावर तुटून पडले असेन. नाही. मी मनात हिशोब करत होते. 230 मीटर म्हणजे फार तर पाऊण तास, बरोबर सूर्योदयाला पोचू. मित्र समोर बोचक्यासारखा पडलाय आणि मी सूर्योदयाचा हिशोब करतेय. तो पाऊण मिनिट मला सगळ्यात जास्त टोचतो. शेवटी काका एवढंच म्हणाला, "अंधारात टोळी फोडायची नाही, मी बोललो." विषय संपला. त्याने मतदान घेतलं असतं तर मला खात्री आहे, आम्ही चार विरुद्ध एकने वर गेलो असतो.

खरी गंमत उतरताना कळली. बोलघेवडा तोवर गरम होऊन, खाऊन, स्वतःच्या पायांवर चालत होता. कोणीतरी सहज म्हणालं, "मला तर पठारावरच परत फिरावंसं वाटत होतं." तर काकाचा गुडघा दोन वाजल्यापासून बोलत होता. धाकट्याला मळमळत होतं. आणि नकाशावाला, होय तोच, ठसा बघितल्यापासून घाबरलेला होता, पण आपणच वाट चुकवली तर आता माघार कशी सुचवायची म्हणून गप्प. सहापैकी पाच जणांना थांबायचं होतं आणि सहाच्या सहा जण वर चालले होते, कारण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना जायचंय. जेरी हार्वे या प्राध्यापकाने 1974 मध्ये याला "ॲबिलीन पॅराडॉक्स" असं नाव दिलं. घरातल्या कोणालाच जायचं नसतं आणि अख्खं घर भर उन्हात ॲबिलीन गावी जेवून येतं, असा त्याचा किस्सा होता. तिथे फार तर एक दुपार वाया गेली. आमचं काय गेलं असतं ते लिहीत नाही.

म्हणून ती "जिद्द" मला खटकते. त्या रात्री आमच्यात जिद्द भरपूर होती. सहा जणांची मिळून इतकी जिद्द होती की एकाच्याही तोंडून "मला होत नाहीये" हे तीन शब्द निघाले नाहीत. आपण चढण्याला हिंमत म्हणतो आणि बोलण्याला कच खाणं. मग कोण कशाला बोलेल?

यावर उपाय म्हणून रात्रीच्या चढाया बंदच करा म्हणणारेही भेटले. फुजीवर रात्रभर न थांबता सूर्योदयासाठी धावत सुटणाऱ्यांना जपानी लोक बंदुकीच्या गोळीची उपमा देतात, आणि 2024 पासून तिथल्या योशिदा वाटेवर रात्री दार लावायला सुरुवात झाली, वरच्या झोपडीत मुक्काम ठरलेला असेल त्यालाच आत सोडतात. तिथे गर्दी अफाट आहे, समजू शकते. पण मला रात्र सोडवणार नाही. धुक्याच्या वर आल्यावर जे तारे दिसले होते ते दिवसा कुठून आणू?

बदल इतकाच की आता आम्ही "ठीक आहेस ना?" विचारणं बंद केलंय. दर तासाला थांबून प्रत्येकाने शेवटचं कधी खाल्लं ते सांगायचं आणि स्वतःचं बकल उघडून पुन्हा लावून दाखवायचं. वेडेपणा वाटतो, वाटू दे. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. आणि किती वाजता कुठे असलो तर मागे फिरायचं, हे पायथ्याशी, पोट भरलेलं आणि डोकं गार असताना ठरवायचं. सुरुवातीला नकाशावाला बराच कुरकुरला. आम्ही लगेच त्याला थांबवून कोरडा स्वेटर घालायला लावला.

हो, आणि तो अर्धवट सोडलेला किस्सा. पायथ्याशी गाडीत सॅका टाकताना बोलघेवड्याला तो आपोआप आठवला आणि त्याने तिथेच, नेमका जिथे सोडला होता तिथून, पुरा केला. शेवट अत्यंत फालतू होता. आम्ही पाचही जण उगाचच खूप वेळ हसत होतो.