घर विकायला काढलंय, फोटोशूटसाठी नाही

आज परत एक पार्टी घर बघून गेली. बघून गेली असं म्हणायचं आपलं, खरं तर तासभर फोटो काढले, आईने केलेला चहा प्यायले आणि जाता जाता विचारतात, "एका दिवसासाठी भाड्याने देता का हो? प्री-वेडिंगला मस्त आहे." अरे बाबा, बाहेर 'घर विकणे आहे' असं लिहिलंय की 'या, बसा, पोज द्या' असं लिहिलंय??

सहा महिने हाच तमाशा चाललाय. घर पणजीत मळा नावाच्या भागात आहे, मारुतीच्या देवळाखाली. एजंटने जाहिरातीत ठोकून दिलं फोंतेन्याश, म्हणजे शेजारचा टुरिस्टांचा लाडका जुना भाग, कारण म्हणे मळा बाहेरच्यांना माहीत नाही. बरं, चालेल, पुढच्याच गल्लीत तर आहे. पण त्याच्यापुढे काय टाकलं माहितीय? 'पोर्तुगीज विला'. आता हा विला समोरून जेमतेम अठरा फूट रुंद, वर माडी, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक, डावीकडची आंटी रात्री खोकली की ते आईला ऐकू येतं आणि सकाळी ती आल्याचा काढा घेऊन तिच्या दारात हजर. आणि पोर्तुगीज कुठलं डोंबलाचं? बांधलं आमच्या पणजोबांनी, चिरे इथले, गवंडी इथले, आत देवखोली, मागच्या अंगणात तुळस. पण पुढे बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची पडवी, आणि खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं दिसली की झालं, पोर्तुगीज! एका बाईने तर वृंदावनावरून हात फिरवत विचारलं की हा ओरिजिनल पोर्तुगीज पीस आहे का. आई तिथेच उभी होती हातात तांब्या घेऊन.

दुसरा एक महाभाग, टोपीवाला, माडीवरच्या खिडकीचं तावदान नखाने टकटक वाजवत बसला. "प्लास्टिक आहे का हे?" नाही हो, शिंपला आहे, घासून पातळ केलेला, आणि तुमच्या टकटकीने खालचा एक आत्ता तडकला. सॉरी म्हणाला. तसला शिंपला आज शोधायला गेलात तर मिळायची मारामार, मी तिथे पुठ्ठा लावून ठेवलाय.

आणि हा आमचा एजंट, दोन तोंडांचा माणूस. गिऱ्हाईक आलं की सुरू, "सर, १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, तेव्हापासूनचा हा सगळा एरिया, अशी घरं आता होणार नाहीत, हेरिटेज आहे हेरिटेज." गिऱ्हाईक वळलं की मला बाजूला घेऊन हळूच, "भाऊ, बांधकाम जुनं आहे, किंमत फक्त जागेची धरायची." ठीक आहे, जागेची तर जागेची, मग रेट सांग. तर म्हणतो, "जागेवर तरी काय बांधणार, कॉन्झर्व्हेशन झोन पडतो, पुढचा भाग हलवायचा तर परवानग्या." म्हणजे घराला किंमत नाही कारण ते जुनं, आणि जागेला किंमत नाही कारण तिच्यावर जुनं घर! मग हेरिटेज नक्की कशाला म्हणतात रे, तुझ्या कमिशनला?

कागदांचं तर बोलूच नका. मुंबईची पार्टी सातबारा मागते. गोव्यात सातबारा नसतो, एक-चौदाचा उतारा असतो, आणि तोही पणजी शहरात नाही, इथे सिटी सर्व्हेचे कागद, फॉर्म डी, चलता नंबर आणि पीटी शीट. चार वेळा समजावलं. पाचव्यांदा त्यांच्या वकिलाचा फोन, "सातबारा व्हॉट्सअॅप करा ना."

खरं पोर्तुगीज काय राहिलंय या घरात सांगू? कायदा. १८६७ च्या सिव्हिल कोडचा वारसा. मुलगी असो मुलगा असो वाटा सारखा, हे चांगलंच आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही, आत्यांनाही मिळालंच पाहिजे. पण लग्न झालं की नवराबायको दोघांची मालकी, त्यामुळे विकायचं तर आत्याबरोबर तिच्या नवऱ्याचीही सही, काकाबरोबर काकूचीही. आजोबांना सहा मुलं, त्यातले तिघे गेले, त्यांची मुलं, त्यांच्या बायका, नवरे. एकूण सतरा सह्या. सोळा झाल्यात. सतरावी चुलतभावाच्या बायकोची आणि त्या दोघांचा घटस्फोटाचा खटला चालू आहे, आता बोला. इन्व्हेंटरीची, म्हणजे कोर्टातल्या वारसा-वाटणीची, तारीख पडते आणि पुढे ढकलते, आणि तोवर मे महिन्यात कौलं शाकारायची कोणी? मीच. शंभर इंचांवर पाऊस पडतो इथे, एक कौल सरकलं की वासा भिजतो, वासा भिजला की वाळवी. सतरापैकी एकाने विचारलं नाही किती खर्च आला. सगळे हिश्शाचे धनी, बादली ठेवायला मी एकटा.

पण आजच्या पार्टीने डोकंच फिरवलं. सगळं बघून झालं, फोटो झाले, मग तो गृहस्थ आवाज उतरवून विचारतो, "इथे आजूबाजूला लोक कसले राहतात?" कसले म्हणजे? आंटीच्या घरासमोरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लादाईन (प्रार्थना) असतं तेव्हा आम्ही चणे खायला जातो, मारुतीच्या जत्रेला तिच्या दाराशी खाज्यांचं दुकान लागतं, कोपऱ्यावरचा मुसलमान टेलर माझ्या शाळेच्या चड्ड्या शिवायचा. असले राहतात. घर विकणार कळलं तेव्हा आंटी मला म्हणाली होती, "मागीर हांव कोणाकडेन उलोवं रे?" मग मी कोणाशी बोलू, म्हणून. तिला उत्तर देता आलं नव्हतं, याला दिलं. म्हटलं, मिक्स्ड आहे, तुम्हाला झेपणार नाही.

एजंट भडकला, माझी पार्टी घालवली म्हणे. आत्ता त्याचा मेसेज आलाय, रविवारी अकरा वाजता दिल्लीचे येतायत, बाल्कांवातले वाळत घातलेले कपडे जरा काढून ठेवा, फोटोत येतात.

कपडे आईचे आहेत, तिला विचार म्हणावं.