हातोडीने मडगार्ड घडत नाही, या दाव्याची तपासणी

मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांमध्ये सध्या एक संदेश या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. इंग्लिश व्हील (पत्रा दोन चाकांमधून सरकवण्याचे यंत्र) आणि पॉवर हॅमर (यंत्राने चालणारी हातोडी) यांच्याशिवाय पत्र्याला गोलाई येत नाही. हातोडीने ठोकलेला पत्रा पातळ होऊन फाटतो. लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय पत्रा वळतच नाही. मूळ पत्र्यापेक्षा जाड पत्रा लावला की गाडी दुप्पट टिकते. आणि एवढे करून जे खड्डे उरतील ते पुट्टीने भरले की काम संपले. शेवटी सल्ला असा, की मालकाने स्वतः हातोडी उचलण्याच्या भानगडीत पडू नये. सल्ला ज्याने त्याने घ्यावा किंवा सोडावा, पण ज्या कारणांवर तो उभा केला आहे ती कारणे तपासून पाहिली पाहिजेत.

हा प्रश्न मुंबईत इतका जिव्हाळ्याचा का, हेही थोडक्यात सांगणे भाग आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सींसाठी ठरलेल्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. खासगी मालकांकडे गाड्या अजून आहेत, पण कारखान्यातून नवे पॅनेल येणे केव्हाच थांबले आहे, आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे मिळणारे मडगार्ड बहुधा आपल्या मडगार्डाइतकेच गंजलेले असते. तेव्हा पत्रा कोणाला तरी घडवावा लागणारच आहे; तो कसा घडतो हे मालकाला ठाऊक नसेल, तर गॅरेजवाला म्हणेल ते खरे मानून पैसे मोजावे लागतात.

पहिला दावा मशीनचा. पत्रा एकाच दिशेने वळवून नळकांडे करायचे असेल तर त्याला ताणावे लागत नाही की आखडावे लागत नाही. मडगार्ड मात्र लांबीतही वळलेले असते आणि रुंदीतही, आणि असा आकार दोनच क्रियांनी येतो: मधला भाग ताणून त्याचे क्षेत्रफळ वाढवायचे, किंवा कड आखडून तिचे क्षेत्रफळ कमी करायचे. इंग्लिश व्हीलमध्ये वरचे चाक सपाट आणि खालचे फुगीर असते. त्या दोघांच्या चिमटीतून पत्रा पुढेमागे सरकवला की तो थोडा थोडा ताणला जातो. ते यंत्र एवढेच करते, आणि कड आखडणे त्याला मुळीच जमत नाही. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने ठोकताना धातूत घडते तेही हेच ताणणे. फरक पडतो तो वेगात आणि पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणात. इटलीत मोडेना परिसरात १९५०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या लाकडाच्या ओंडक्यावर आणि वाळूच्या पिशवीवर हातोडीनेच घडवल्या जात. इतक्या लांब जायचीही गरज नाही. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या तांब्याच्या पत्र्यातून बंब आणि हंडे ठोकून काढले आहेत, आणि हंड्याची गोलाई कुठल्याही मडगार्डापेक्षा अवघड असते.

हत्यारांची यादीही लहान आहे. हातोड्या, कानशी आणि पत्रा कापायच्या कात्र्या नागदेवी रस्त्यावर मिळतात. पिशवीसाठी धारावीच्या चामड्याच्या दुकानांतून जाड चामडे आणून शिवून घ्यावे आणि तीत बारीक, कोरडी वाळू पाऊण भरावी. गच्च भरली तर पत्र्याला आत जायला जागाच राहत नाही. ओंडका चिंचेचा मिळाला तर उत्तम, कारण खाटिक तो ज्या कारणासाठी वापरतात त्याच कारणासाठी तो इथेही उपयोगी पडतो: घाव सोसतो आणि चटकन चिरत नाही. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा वापरण्याची पद्धत सर्रास आहे, मात्र तो घेताना पावती जरूर मागावी, कारण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे. डॉली, म्हणजे पत्र्याच्या मागे हातात धरायचा पोलादी ठोकळा, दोन-तीन वेगवेगळ्या गोलाईंची असावी. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्याचा तुकडा घासून, किंचित बाक देऊन मूठ बसवली, तर सपाट भाग थापटायला त्याच्यासारखे हत्यार नाही. हे सारे सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचे की नाही, याचा निर्णय शेजाऱ्यांचे तोंड पाहून घ्यावा.

पत्रा पिशवीवर ठेवून, ज्या भागाला फुगवटा हवा त्याच्या बाहेरच्या कडेपासून गोल गोल आत येत घाव घालत जावे. थोड्याच वेळात कडेला चुण्या पडू लागतात. नवशिका इथे घाबरतो आणि चुण्या ठोकून उलगडतो, त्यामुळे मिळालेली गोलाईही जाते. वास्तविक ती चुणी म्हणजे कडेला जमलेला जादा धातू असतो. तिला पसरू न देता, दोन्ही बाजूंनी आत दाबत ओंडक्यावर ठोकले तर तो धातू जागच्या जागी जिरतो, कड आखडते आणि बोटांना किंचित जाड लागते. यानंतरचे काम मठारण्याचे: मागे डॉली धरून, एका घावावर दुसरा घाव अर्धा चढवत, हलक्या हाताने सारखे ठोकत जाणे. हातोडीचे तोंड आधी बारीक पॉलिश पेपरने आरशासारखे घासलेले हवे, कारण तोंडावरचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर उमटतो आणि तो पुढे कानशीने काढावा लागतो.

कुठे ताणायचे आणि कुठे आखडायचे हे कसे ओळखावे, याबद्दल संदेशात चकार शब्द नाही, आणि खरे कौशल्य तर तिथेच आहे. गाडीच्या शाबूत बाजूच्या मडगार्डावर कागदी चिकटपट्टीचे आडवे-उभे थर चढवले, तयार झालेली खोळ अलगद सोडवून तिच्या चिकट बाजूला पावडर मारली आणि ती मोज्यासारखी उलटी केली, की समोरच्या बाजूच्या मडगार्डाचा फर्मा हाती येतो. हा फर्मा घडत असलेल्या पत्र्यावर पसरून पाहावा. खोळ जिथे ढिली पडते तिथे पत्र्याचे क्षेत्रफळ कमी आहे, म्हणून तो ताणायचा. जिथे ती घट्ट ओढली जाते तिथे क्षेत्रफळ जास्त आहे, म्हणून आखडायचा. वाक बरोबर आहे की नाही हे पुठ्ठ्याच्या कापलेल्या पट्ट्यांनी वेगळे तपासावे. इंग्लिश व्हील असलेल्या माणसालाही हे सारे करावेच लागते.

दुसरा दावा असा, की ठोकलेला पत्रा पातळ होऊन फाटतो. पातळ होतो हे खरे. किती, हे हिशेबानेच पाहू. ३०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाला मध्यभागी ३० मिलिमीटर उंचीचा फुगवटा द्यायचा आहे आणि सगळी गोलाई ताणूनच आणायची आहे, असे धरू. उंचीला त्रिज्येने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग म्हणजे क्षेत्रफळातली वाढ, आणि ती इथे ४ टक्के येते. धातूचे घनफळ बदलत नाही, म्हणून ०.९ मिलिमीटरचा पत्रा सरासरीने ०.८६ ते ०.८७ मिलिमीटरवर येतो. बाजारात सी.आर. (थंड लाटलेला) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पत्र्याच्या, भारतीय मानक आयएस ५१३ च्या जुन्या आवृत्तीतल्या, डी, डीडी आणि ईडीडी या प्रती प्रेसमध्ये ओढण्यासाठीच बनवलेल्या असतात, आणि असा पत्रा तुटण्याआधी साधारण ३० टक्के लांबतो. तेव्हा ४ टक्क्यांत फाटण्याचा प्रश्न येत नाही. एकाच जागी, मागे डॉली घट्ट धरून, रागाने ठोकत राहिले तर मात्र पत्रा तिथेच पातळ होत जातो आणि घावांनी कडकही होतो, आणि मग चीर पडते. डेंट काढताना डॉली उंचवट्याच्या शेजारच्या खोलगट भागामागे धरून घाव उंचवट्यावर घातला, तर पत्रा फारसा न ताणता जागेवर येतो. अनेकदा तर फाटलेला पत्रा हातोडीने फाटलेलाच नसतो. आतून गंजून तो आधीच कागदाएवढा उरलेला असतो.

तिसरा दावा तापवण्याचा. कमी कार्बनचा हा पत्रा थंडच घडवायचा असतो. उष्णतेची कामे दोन. ठोकून ठोकून कडक झालेला भाग मंद लाल होईपर्यंत तापवून हवेत सावकाश थंड होऊ दिला की तो पुन्हा मऊ होतो. हे क्वचित लागते. दुसरे काम आखडण्याचे. अपघातात किंवा चुकीच्या ठोकण्याने ताणला गेलेला भाग अंगठ्याने दाबला की टक्‌ करून आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. अशा ठिकाणी नाण्याहून लहान ठिपका गॅसने लाल करून, तो उचलला जाताच भोवताली हलके ठोकून ओल्या फडक्याने थंड केला, तर भोवतालचा धातू आत ओढला जातो. संपूर्ण पॅनेल तापवले तर याच गुणधर्माने ते असे वेडेवाकडे होते, की नंतर कोणताही डेंटर हात लावायला तयार होत नाही. संदेशातला सल्ला ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर घातकच आहे, कारण तो धातू लाल होतच नाही. ६६० अंशांना तो सरळ वितळतो. जुने कारागीर त्यावर ॲसिटिलिनच्या धुरकट ज्योतीने काजळी धरतात आणि साध्या ज्योतीने ती काजळी जळून जाईपर्यंतच तापवतात.

जाड पत्र्याचा दावा ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो सर्वांत जास्त पसरतो. २० गेजचा पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर जाड असतो आणि १८ गेजचा सुमारे १.२. फरक थोडा दिसतो, पण कायमचा बाक देण्यासाठी लागणारे बळ जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणजे हाताला पावणेदोन पट काम पडते, आणि वेल्डिंगच्या सांध्यावर जाड पत्रा वितळेपर्यंत शेजारच्या मूळ पातळ पत्र्याला भोक पडते. टिकण्याचे म्हणाल तर मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा गंजतो तो आतून: मडगार्डाच्या आत साठलेल्या चिखलातून, दोन पत्र्यांच्या सांध्यातून, दाराच्या तळाच्या बुजलेल्या भोकांतून. ती भोके मोकळी ठेवणे, आतल्या बाजूला इपॉक्सी प्रायमर मारणे आणि सांध्यात मेण भरणे हे जाडीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. काहीजण यावर उपाय म्हणून जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा सुचवतात. त्याचे वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला तर त्याच रात्री हुडहुडी भरून ताप येतो. सांध्याजवळचे जस्त पूर्ण घासून काढल्याशिवाय त्याला गॅस लावू नये.

राहिली पुट्टी. ती वापरूच नये असे कोणी म्हणत नाही. मठारून, कानस मारून झालेल्या पत्र्यावर मिलिमीटरभराचा हात चांगल्या रंगाऱ्यालाही लागतो. खड्डा भरण्यासाठी तिचा जाड थर दिला तर मात्र तडा ठरलेला आहे. पॉलिस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते आणि ती पाणी शोषते. आपल्याकडे ऐन जुलैत पुट्टीवर पाणीपेपर घासून दुसऱ्या दिवशी रंग मारतात, दिवाळीपर्यंत रंगाखाली फोड येतात आणि दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. पुट्टी कोरडीच घासावी, आणि घासून झाल्यावर उघडी ठेवू नये.

संदेशात तथ्य मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. गाडीचे छत किंवा बॉनेट यांसारखा मोठा, जवळपास सपाट भाग हाताने नव्याने घडवणे अत्यंत कठीण असते. तिथे अल्प गोलाई लांबवर सारखी आणावी लागते आणि डोळ्यांना एक मिलिमीटरची लाटही दिसते. असे काम इंग्लिश व्हील असलेल्या कारागिराला द्यावे, किंवा दुसऱ्या गाडीचे छत मिळवावे. प्रेसमध्ये उठवलेली धारदार रेघही छिन्नीने आणि लाकडी फर्म्यावर उमटवता येते, पण तिला फार वेळ लागतो. आणि आजच्या गाड्यांचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांच्या दरवाजांमधल्या खांबांत बोरॉनयुक्त, उष्णतेने कडक केलेले पोलाद वापरतात; ते हातोडीला दाद देत नाही, आणि तापवले तर ज्या कडकपणासाठी ते बसवले तोच निघून जातो. अशा खांबाला हातोडीही नको आणि गॅसही नको. उत्पादकाने ठरवलेल्या जागी कापून नवा भाग जोडावा लागतो. पद्मिनीच्या पत्र्यात हे पोलाद नाही.