सुरकुत्या का पुसता?

आजीचा फोटो स्टुडिओतून फ्रेम होऊन आला आणि माझं डोकंच फिरलं. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचा म्हणून दिला होता. रंग उजळ, कपाळ गुळगुळीत. आणि हात! आयुष्यभर भाकऱ्या थापून पेरं वाकडी झालेली, अंगठ्याच्या बुडाशी चुलीचा चटका. सगळं पुसून कुण्या विशीतल्या मुलीचे हात केलेत. काका म्हणतो, "छान दिसतेय की, राहू दे."

नाही राहू द्यायचं!

मला सारखा आर्चिबाल्ड मॉटली आठवतोय, शिकागोचा कृष्णवर्णीय चित्रकार. त्याची आजी एमिली गुलामगिरीतून आलेली. १९२२ मध्ये त्याने तिचं पोर्ट्रेट केलं. साधा पांढरा एप्रन, आणि मांडीवर ते राबलेले हात. आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या नातवाला गोंडस हात काढता येत नव्हते थोडेच? १९२४ मध्ये पुन्हा तीच, मोजे रफू करत बसलेली. मागच्या भिंतीवर एका गोऱ्या बाईची तसबीर आहे, आजीच्या जुन्या मालकिणीची. ती त्याने कडेला सारून अर्धी कापलीय. मधोमध आजी. कसला नातू!

आता कुणी म्हणेल, स्वतःला सुंदर दिसावंसं बाईलाच वाटतं. वाटतं, मान्य. अमेरिकन चित्रकार थॉमस ईकिन्सने १९०४ मध्ये पियानोवादक एडिथ मेहॉनचे थकलेले, भरून आल्यासारखे डोळे रंगवले, ते चित्र तिला स्वतःलाच आवडलं नव्हतं. पण आवडलं नाही हे ती सांगू तरी शकली. माझ्या आजीला कुणी विचारलं? ती तर कॅमेऱ्यासमोर हात पदराआड न लपवता बसली होती.

काकाचं आईवर प्रेम आहे, कळतं मला. तिने कष्ट केले हे त्याला बघवत नसेल. तरीही भिंतीवरची बाई कशी दिसावी हे दरवेळी घरातल्या पुरुषानेच का ठरवायचं?

गर्ट्रूड व्हिटनी तर गडगंज घरातली, शिल्पकार. १९१६ मध्ये चित्रकार रॉबर्ट हेन्रीने तिला रेशमी जॅकेट-पायजम्यात, सोफ्यावर ऐसपैस रेललेली रंगवली. बायको पायजम्यात दिसते म्हणून नवऱ्याने ते चित्र घरात लावू दिलं नाही. तिने ते न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या आपल्या स्टुडिओत लावलं. पुढे १९३१ मध्ये तिथेच, आठव्या रस्त्यावर, तिने उभारलेलं व्हिटनी म्युझियम उघडलं. ते चित्र आज त्याच म्युझियमच्या मालकीचं आहे.