५२ अक्षरं द्या, हस्ताक्षर घ्या म्हणे!

गणपतीच्या आधी आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. मग तोच शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, मग सासुरवाडीच्या, आणि काल तर एक काका दुकानात आले, मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "ह्यां बघ, आता तुजा दुकान बंद." माझं कुडाळात डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बॅनर, गणपतीची निमंत्रणं, एकवीस वर्षं हेच करतोय. म्हणजे फॉन्ट आणि मी, आमचं भांडण रोजचं.

फॉरवर्ड ज्यांनी वाचला नाही (असे कोणी उरलेत का माहीत नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात: "पेन कागद विसरा! ५२ मुळाक्षरं एका कागदावर लिहा, फोटो काढा, पाच मिनिटांत एआय तुमच्याच अक्षरात लिहायला लागेल. मराठी, हिंदी, तमिळ, सगळ्या भारतीय लिप्या, मोडी पण! घरचा माणूस पण फरक ओळखणार नाही. गेलेल्या माणसाचं एक जुनं पत्र असलं तरी पुरे. मृत्युपत्रापासून अर्जापर्यंत सगळीकडे चालतं, कोर्टात मान्य. मराठी असाल तर शेअर करा."

मराठी आहे म्हणूनच शेअर केला नाही.

आधी ५२ चं बघू. हा आकडा हवेतून आलेला नाही. राज्य सरकारने २००९ साली वर्णमालेचा शासन निर्णय काढला त्यात ॲ आणि ऑ धरून १४ स्वर, अं-अः हे २, ३४ व्यंजनं आणि क्ष, ज्ञ असे मिळून ५२ होतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो आकडा उचलला आणि एबीसीडीच्या हिशेबाने चालवला. इंग्रजीत २६ मोठी २६ छोटी, ती पण ५२, आणि ती एकापुढे एक ठेवली की शब्द झाला. आपल्याकडे मुळाक्षरं म्हणजे नुसता कच्चा माल. बाराखडी करा, ३६ गुणिले चौदा-पंधरा, झाले पाचशेच्या वर, आणि अजून जोडाक्षराला हातही लावलेला नाही. आता कोणी म्हणेल काना-मात्रा वेगळ्या काढून चिकटवता येतात ना, येतात, छापील फॉन्टमध्ये तेच करतात, तरी चांगल्या मराठी फॉन्टमध्ये काही शे आकार काढावे लागतातच.

एकटा र घ्या. क्र मध्ये तो खाली तिरकी रेघ, ट्र मध्ये खाली टोपीसारखा, कर्म मध्ये डोक्यावर रफार, रु आणि रू मध्ये उकार पोटात शिरतो, श्र मध्ये श लाच ओळखू येईनासा करतो. आणि मग आपला खास मराठी ऱ्य आणि ऱ्ह. हा हिंदीत लागत नाही. आपण कोकणातली माणसं तर ह्याच्याशिवाय दोन वाक्यं बोलू शकत नाही, गाऱ्हाणं घालायचं तर ऱ्ह, किनाऱ्यावर जायचं तर ऱ्य, घरामागच्या पऱ्याला पाणी आलं तर ऱ्य, मुंबईत बिऱ्हाड केलं तर ऱ्ह. ५२ अक्षरांच्या त्या कागदावर ह्यातलं एकही नाही. मी स्वतः ट्राय केलं, फॉरवर्डमध्ये लिंक होती त्याच ॲपवर, "गाऱ्हाणे" टाईप केलं तर र चा पाय मोडून पुढे ह ठेवला, म्हणजे "गार्‌हाणे". देवासमोर उभं राहून असं गाऱ्हाणं घातलं तर देव पण म्हणेल परत सांग.

वेलांटीचं अजून वेगळं. टाईप करताना आधी क मग पहिली वेलांटी, पण कागदावर वेलांटी अक्षराच्या आधी येते. फोनमधलं सॉफ्टवेअर हे उलटसुलट करून दाखवतं म्हणून आपल्याला कळत नाही. रफार त्याच्या उलट, टाईप करताना पहिला आणि काढताना सगळ्यात शेवटी, "दर्शनार्थी" मधला दुसरा रफार पार दुसऱ्या वेलांटीच्या डोक्यावर जाऊन बसतो. शिवाय वेलांटीची कमान किती लांब हे खालच्या अक्षरावर ठरतं, "दिवा" ला छोटी पुरते, "स्त्रिया" ला अख्ख्या जोडाक्षरावरून न्यावी लागते. छापील फॉन्टवाल्यांनी ह्यासाठी रक्त आटवलंय. विंडोजमधला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी केला, कवी माणूस आणि सुलेखनातला बाप माणूस, आणि आपण त्याला "तो सरकारी फॉन्ट" म्हणून नाक मुरडतो. असल्या माणसांना जे वर्षानुवर्षं पुरलं ते पाच मिनिटांत होणार म्हणे.

बरं, "एआय शिकतं" हा पुढचा मुद्दा. शिकतं, मान्य, मी अडाणी नाही. ॲलेक्स ग्रेव्ह्ज नावाच्या संशोधकाने २०१३ मध्येच कॉम्प्युटरकडून इंग्रजी हस्ताक्षर लिहून घेतलं होतं आणि ते खरंच माणसाने लिहिल्यासारखं दिसतं. पण ते कशावर शिकलं? २२१ माणसांनी इलेक्ट्रॉनिक फळ्यावर लिहिलेलं, त्यात पेन कुठून निघालं कुठे उचललं हे सगळं नोंदलेलं. फोटोत ते नसतं. फोटोत शाई वाळलेली असते, हात आधी कुठे फिरला ते कळत नाही, अंदाज करावा लागतो. आणि देवनागरीचा असा साठाच तोकडा. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१८ च्या सुमारास देवनागरी हस्ताक्षरातले सुमारे ९५ हजार शब्द गोळा केले, मोठं काम आहे, पण ते १२ जणांच्या हातचे, आणि मशीनने हस्ताक्षर वाचावं ह्यासाठी, लिहावं ह्यासाठी नाही. बारा जणांत मालवणातल्या तिठ्यावरच्या हिशेबाच्या वहीतलं अक्षर कुठून येणार.

म्हणून होतं काय, जिथे तुमचा नमुना नाही तिथे मशीन आपल्या पोतडीतलं काढून लावतं, आणि पोतडी बहुतेक हिंदीची. आपला ल आणि श वेगळा असतो. त्या २००९ च्या निर्णयात ह्या दोन अक्षरांचं वळण कसं हवं हे पण सांगितलंय. ॲपने दिलेला ल बघा, दंडवाला हिंदी. ळ तर असा काढतात की जिलबी बरी.

"सगळ्या भारतीय लिप्या" ह्यावर फार वेळ घालवत नाही. मी जन्मात तमिळ लिहिलं नाही, तर माझं तमिळ हस्ताक्षर म्हणजे नेमकं कोणाचं? तमिळला शिरोरेघ नाही, जोडाक्षरं जवळजवळ नाहीतच, वर टिंब देऊन काम भागतं. आता तिथे माझं मराठी वळण नेऊन लावायचं म्हणजे माशाच्या कढीत साबुदाणा.

मोडीचं मात्र बोलायला हवं कारण इकडे घराघरात जुने कागद पडलेत, खोतीचे, वाटणीचे, आणि लोकांना वाटतं आता ते सुटणार. मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या जगभरच्या अक्षरयादीत, २०१४ ला आली, फॉन्ट आहेत, देवनागरीचं मोडीत रूपांतर एका क्लिकवर होतं, हे खरं. पण जुना कारकून आधी पानभर रेघ मारून घ्यायचा आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचा, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, अर्धे शब्द तोडून लिहिलेले. ॲपमधून निघतं ते मोडीचा सदरा घातलेलं बालबोध, म्हणजे आपली देवनागरीच. नावाची पाटी करायची तर छान दिसते, मी पण करून देतो. आजोबांचा वाटणीचा कागद त्याने वाचता येईल असं समजू नका, त्याला मोडी वाचणारा माणूसच लागतो.

कोर्टाचं तर वाचून कपाळावर हात मारला. मृत्युपत्र कोणाच्या अक्षरात आहे ह्याने आपल्याकडे फरकच पडत नाही, टाईप केलेलं चालतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ सही किंवा अंगठा मागतं आणि किमान दोन साक्षीदार. म्हणजे ॲपवाल्याने जे विकायला काढलंय ते कायद्याला नकोच आहे. उलट दुसऱ्याच्या अक्षरात कागद बनवून कोणाला फसवलंत तर ते बनावट दस्तऐवजात जातं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६. आणि कृपा करून ५२ अक्षरांच्या कागदावर खाली सही करून फोटो पाठवू नका. दोघांनी पाठवलेत माझ्या ओळखीत. ती सही बँकेत पण तीच आहे ना बाबांनो.

एक बारीक मुद्दा, कोणी बोलत नाही म्हणून. अक्षरातला मेसेज म्हणजे फोटो. दोन-तीनशे अक्षरांचा साधा मराठी मेसेज जेमतेम एक-दोन केबीचा, त्याचा फोटो शेकडो केबी, आणि आमच्याकडे पावसात टॉवर कधी झोपेल सांगता येत नाही. वर तो सहज शोधता येत नाही, सहज कॉपी होत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन तो नीट वाचून दाखवेलच असं नाही. म्हातारीला नातवाचं "अक्षर" आलं आणि वाचायला शेजारची पोरगी बोलवायला लागली, प्रगती!

आता गेलेल्या माणसाचं पत्र, आणि "घरचा माणूस पण ओळखणार नाही", हे दोन्ही एकत्रच घेतो कारण हे मी केलंय.

गेल्या वर्षी मुंबईहून एकाचा फोन, काका, आमच्या गणपतीला यंदा जोरात करायचंय, निमंत्रण आबांच्या अक्षरात हवं. आबा गिरणीत होते, जाऊन बरीच वर्षं झाली. त्याने एका पोस्टकार्डाचा फोटो पाठवला. चाकरमान्याचं कार्ड जसं असतं तसंच, वर "श्री", मग "स. न. वि. वि.", मनीऑर्डर केली आहे, पावसाआधी घर शाकारून घेणे, गाईचं काय झालं, पैसे पोचल्याचे कळवणे, आणि जागा संपली म्हणून उरलेलं कडेने आडवं. मी अक्षरं मोजली. निमंत्रणाला लागणाऱ्यांपैकी झ नाही, ढ नाही, ठ नाही, फ नाही, ऋ चा प्रश्नच नाही. झांज, ढोल, फुगडी, सगळंच अडलं. आणि त्या एका कार्डात आबांनी क चार प्रकारे काढलाय, "कळवणे" चा मोकळा, कडेच्या आडव्या ओळीतला चेपलेला. ह्यातला आबांचा क कोणता? तेव्हा असंच एक ॲप वापरलं होतं, त्याने एक निवडला आणि पन्नास ठिकाणी तोच छापला, शिक्का मारल्यासारखा. मी चार संध्याकाळी बसून हाताने दुरुस्त्या केल्या, दोन-तीन प्रकारचे क फिरवून लावले, ऱ्य स्वतः काढला, मला वाटलं बरं जमलंय.

तो घेऊन गेला आजीला दाखवायला. आजी नव्वदीला टेकलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तिने कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ह्यां आबांचां अक्षर नाय." का विचारलं तर म्हणे ते शिरोरेघ सगळीकडे काढतच नव्हते, फक्त माणसाच्या नावावर काढायचे, आणि इथे सगळ्यावर आहे. मी कार्ड परत झूम करून बघितलं. खरंच, दोनच शब्दांवर रेघ होती, एक तिचं नाव आणि एक मुलाचं. चार संध्याकाळ मी ते कार्ड बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं, मशीनने तर ती चूक समजून सगळीकडे रेघ ओढून टाकली होती.

(कोर्टात पण, आता विषय निघालाच आहे तर, एखाद्याचं अक्षर ज्याच्या ओळखीचं आहे त्याचं मत धरतात, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ४७ होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात ४१. म्हणजे आजी चालली असती.)

ह्याचा अर्थ सगळं टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. आमच्या एका गुरुजींचा हात थरथरतो, त्यांच्या जुन्या वह्या भरपूर आहेत, कोणी नीट बसून त्यांच्या अक्षराचा फॉन्ट केला, महिना दोन महिने लावून, तर मी फुकट मदत करीन. आणि नुसतं हाताने लिहिल्यासारखं दिसायला हवं असेल तर कलम नावाचा फॉन्ट गूगलवर फुकट आहे, मी पत्रिकांना लावतो, कोणाचं अक्षर म्हणून विकत नाही एवढंच.

आबांच्या निमंत्रणाचं शेवटी असं केलं. मजकूर साध्या छापील फॉन्टात घेतला, वरचा "श्री" कार्डावरून जसाच्या तसा स्कॅन करून लावला, आणि तळाला त्यांचीच ओळ कापून ठेवली, अर्ध्यात शाई फिकटलेली, "पोचल्याचे कळवणे". आजीने तो कागद देवाजवळ ठेवला असं त्याने सांगितलं. आणि निमंत्रण व्हॉट्सॲपवर गेल्यावर मुंबई, पुणे, एकाने तर दुबईहून, दहा-बारा जणांनी त्याला फोन करून कळवलं, पोचलं म्हणून.