बाबूजी चालतात, मग हा का नाही?

रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर विषय अर्थातच राजकारणावर मत मांडणाऱ्या त्या गायकाच्या पोस्टचा. पोस्ट सगळ्यांनी वाचलेली, खालच्या शिव्याही वाचलेल्या, त्यामुळे कुणी काही समजावून सांगायच्या भानगडीत पडलं नाही. मंदार बोरिवलीहून येतानाच तापून आला होता.

"गायकाने गावं. लोक तिकीट काढतात ते गाणं ऐकायला, ह्याची मतं ऐकायला नाही. एवढीच हौस असेल तर निवडणुकीला उभा राहा ना!"

"मंद्या, तुझा सगळ्यात आवडता गायक कोण रे?" वैजूने शांतपणे विचारलं.

"बाबूजी. सुधीर फडके. हा काय प्रश्न झाला?"

खरंच प्रश्न नव्हता. सोसायटीच्या रामनवमीला दरवर्षी गीतरामायण हाच म्हणतो, मधल्या निवेदनासकट, आणि कुणी उठून पाणी प्यायला गेलं तरी थांबून बघतो.

"मग १९५४ साली तुझे बाबूजी काय करत होते ते सांग."

"ते वेगळं. ते देशकार्य होतं."

आणि मग वैजू जी सुटली ती सुटलीच. "देशकार्य आहे हे तेव्हा कुणी ठरवलं? दिल्लीला पोर्तुगिजांशी शस्त्राने भांडायचं नव्हतं, सरकारची परवानगी वगैरे काही नाही, आणि हे राजा वाकणकर, नरवणे, बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्यात सुधीर फडके, पैसे जमव, शस्त्रं जमव करत फिरतायत, पुण्यात हिराबागेवर लताबाईंचा कार्यक्रम लावला तो ह्याच फंडासाठी, आणि २ ऑगस्टला पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या दादरा-नगर हवेलीतलं सिल्वासा घेतलं. सिनेमात नाव झालेलं, घरात लहान पोर, आणि हा माणूस पेटी बाजूला ठेवून बंदुकांच्या मागे. आणि पुढच्या १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू. आठ महिने फक्त मध्ये! तोच माणूस, तोच गळा. तेव्हा कुणी त्यांना म्हणालं असतं की तुम्ही आपल्या चाली लावा, तर आज तू कुणाचं नाव घेऊन छाती फुगवली असतीस?"

दिन्या इतका वेळ गालात हसत होता. "हो, पण ते संघाचे होते हेही सांग की. अजेंडा होताच."

"होते. लपवलं कधी? तुला अजेंडा दिसतो, मला मोहन रानडे दिसतात."

इथे नाना बोलले. नाना एरवी फक्त चहाचे पैसे द्यायला तोंड उघडतात. म्हणाले, "अरे, गोवा १९६१ ला सुटला, सगळ्यांनी पेढे वाटले, आणि रानडे तिकडे पोर्तुगालच्या तुरुंगात तसेच. गोव्यासाठी लढताना १९५५ साली पकडलेला माणूस, सव्वीस वर्षांची शिक्षा. इकडे लोक विसरून पण गेले. बाबूजी नाही विसरले. समिती काढली, ह्याला भेट, त्याला पत्र लिही, वर्षानुवर्षं. शेवटी मद्रासच्या मुख्यमंत्र्यांनी, अण्णादुराईंनी पोपच्या कानावर घातलं, कुठे मद्रास, कुठे रोम! १९६९ च्या जानेवारीत सुटले. रानडे काय बाबूजींचे मेहुणे होते?"

मला विचाराल तर सगळा मुद्दा हाच आहे. कलाकाराने भूमिका घ्यावी की नाही हा वाद आपण उगाच घालतो. घेतल्यावर तो किती वर्षं तिथे उभा राहतो, कॅमेरे गेल्यावर काय करतो, हे बघायला पाहिजे. ज्या माणसासाठी आवाज काढला तो सुटेपर्यंत जो मागे लागतो त्याच्यासमोर मी हात जोडतो, मग तो कुठल्या का झेंड्याखालचा असेना.

तेवढ्यात दिन्याने अमर शेख काढले, ते काढणारच होता. बार्शीचा गिरणी कामगार, कम्युनिस्टांचं लालबावटा कलापथक, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर गावोगाव, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत डफावर थाप पडली की माणसं हलायची नाहीत.

"ते शाहीर रे. त्यांचं कामच ते. ते वेगळं," मंदार.

"तुझं सगळंच वेगळं कसं रे?" वैजू. "बाबूजी वेगळे, अमर शेख वेगळे, लताबाई वेगळ्या. मग एकसारखा उरला कोण? हा पोस्टवाला एकटाच? त्याने बोलू नये असं नाहीये तुझं, त्याने तुझ्या विरुद्ध बोलू नये एवढंच आहे. आणि दिन्या, तू हसू नकोस, तुझंही तेच आहे, फक्त उलटं."

मंदारने मग हुकमाचा पत्ता म्हणून सावरकर सिनेमा काढला. "बाबूजींनी लोकवर्गणीतून केलेला पिक्चर आहे तो, किती वर्षं झिजले त्यासाठी! २००१ ला आला. माझ्या बाबांनी पैसे दिलेत, पावती आहे घरी."

"म्हणजे गायकाच्या मतांना तुमच्या घरातून वर्गणी गेलीय," वैजू म्हणाली, आणि नानांच्या हातातला कटिंग सांडला.

त्यानंतर चर्चा अशी राहिलीच नाही. मंदारने चिडून दिन्याला धरलं की तू कम्युनिस्ट कम्युनिस्ट म्हणवतोस, पण आयुष्यभर वाणसामान कुठून भरलंस? मुंबई ग्राहक पंचायतीतूनच ना, आणि ती १९७५ साली काढणाऱ्यांत बिंदुमाधव जोशी आणि बाबूजीच होते! हे मात्र खरं. दिन्याच्या घरच्या हॉलमध्ये महिन्याच्या महिन्याला पोती यायची, शेजारच्या बायका वर्तमानपत्र पसरून तूरडाळ, पोहे, साबण ज्याचे त्याचे वेगळे लावायच्या, आणि दिन्याची आई यादी हातात घेऊन उभी, एक पुडी इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. दिन्याचं म्हणणं, डाळीला विचारसरणी नसते. मंदारचं म्हणणं, तुझ्या हाडात संघाची डाळ आहे. दिन्याने मग चिपळूणचा पूर काढला, २०२१ चा, आम्ही चिखल उपसत होतो तेव्हा मंदार ब्लँकेटच्या टेम्पोपुढे पाच वेगवेगळ्या अँगलने फोटो काढून घेत होता आणि ब्लँकेटं उतरवायची वेळ आली तेव्हा त्याची कंबर धरली होती.

"कंबर खरंच धरली होती!"

"बरं, मग आता कर काहीतरी," वैजू. "तुझं ते गीतरामायण तिकीट लावून कर, आणि जमतील ते पैसे पूरग्रस्तांना दे. आम्ही सगळे तिकीट काढतो."

मंदारचा चेहरा एकदम खुलला. "खरंच? हॉल बघू? छप्पनच्या छप्पन गाणी म्हणतो!"

नाना म्हणाले, "मी डबल देतो, दहावर थांबलास तर."